पानातील वीज आणि विहिरीवरील पंप

झाडाच्या पानापासून वीज तयार करता येते, ही वार्ता गेल्या काही वर्षांत वर्तमानपत्रांतून व मोबाईलवरून आपल्या खेड्यापाड्यांपर्यंत येऊन पोहोचली आहे. वार्ता खोटी नाही. परंतु खऱ्या गोष्टीच्या आश्रयानेच पुष्कळ खोटे बाजारात खपते, हा अनुभव बी-बियाणे व खते यांच्या बाबतीत आपण सर्वांनी घेतलेला आहे. लातूर जिल्ह्यात ज्या शेतकऱ्याच्या विहिरीस अगर बोअरला पाणी आहे, त्याच्यापुढे आज प्रश्न असा की, सौर पंपासाठी आपल्या वाट्याची रक्कम आताच भरावी, की ही नवी विद्या बाजारात येईपर्यंत वाट पाहावी? एक हंगाम वाट पाहणे म्हणजे हरभऱ्याचे पाणी ऐन फुलोऱ्यात चुकण्याचा धोका पत्करणे होय. सबब या विद्येत खरे किती, तिची आजची मजल कोठवर, आणि आपल्या जमिनीशी तिचा संबंध काय, हे वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

पानात आधी वीज, मग साखर

हवेतील कर्बवायू व मुळांनी आणलेले पाणी यांपासून पान सूर्यप्रकाशात साखर बनविते आणि प्राणवायू बाहेर टाकते, हे शाळेतील मुलासही ठाऊक असते. हे काम पानाचा हिरवा भाग करतो व तेही उजेडातच करतो, ही गोष्ट इंगेनहौस नावाच्या डच वैद्याने १७७९ साली प्रसिद्ध केली. पुढे १९३७ साली रॉबर्ट हिल या इंग्रज शास्त्रज्ञाने पानातील हिरवे कण वेगळे काढले, आणि योग्य द्रव्याची जोड दिल्यास ते कण पानाबाहेरही उजेडात प्राणवायू सोडतात, असे दाखविले. पानातील यंत्र पानातून काढून घेतले तरी काही काळ चालते, हे त्यावरून सिद्ध झाले.

या यंत्राची पहिली पायरी ध्यानात घेतली म्हणजे पुढील सर्व विवेचन सोपे होईल. प्रकाश हरितद्रव्यावर पडला की तेथून एक अतिसूक्ष्म विद्युत्कण उसळून बाहेर पडतो. यासच शास्त्रज्ञ इलेक्ट्रॉन म्हणतात. रिकामी झालेली जागा भरण्यासाठी पान पाणी फोडते. पाण्याच्या दोन रेणूंमागे चार विद्युत्कण मिळतात व प्राणवायूचा एक रेणू सुटतो. उसळलेला विद्युत्कण एका द्रव्याच्या हातून दुसऱ्याच्या हाती असा पुढे सरकतो, वाटेत प्रकाशाचा दुसरा धक्का खातो, आणि शेवटी साखर बनविण्याच्या कामी लागतो. विद्युत्कणांचे एका दिशेने वाहणे म्हणजेच वीजप्रवाह. तारेत जे होते तेच येथे पानाच्या अतिपातळ पापुद्र्यात होते. तात्पर्य, पान आधी वीज करते आणि मग त्या विजेवर साखर करते.

ही पहिली पायरी इतकी काटेकोर आहे की, यंत्रणेने शोषलेल्या प्रकाशाच्या जवळजवळ प्रत्येक कणामागे एक विद्युत्कण सुटतो. शास्त्रज्ञांस मोह पडला तो याच गोष्टीचा. नुकसान होते ते पुढे. सूर्यप्रकाशातील निम्म्याहून अधिक शक्ती पानाच्या उपयोगाचीच नसते, आणि साखर बनविताना व श्वसनात आणखी पुष्कळ शक्ती खर्च होते. सोयाबीन, तूर, हरभरा यांच्या वर्गातील पिकांत सूर्यशक्तीचा फार तर शेकडा ४.६ भाग आणि ज्वारी, मका, ऊस यांच्या वर्गात फार तर शेकडा ६ भाग पिकाच्या अंगी साठू शकतो, असे शास्त्रीय गणित आहे. प्रत्यक्ष शेतात याहून बरेच कमी साठते. म्हणून साखरेपर्यंत न थांबता विद्युत्कण वाटेतच काढून घ्यावा, ही या नव्या विद्येची मूळ कल्पना होय.

येथे एक खुलासा अवश्य आहे. जगदीशचंद्र बसू यांनी वनस्पतींच्या अंगी विजेचे स्पंदन असते हे दाखविले, ते पुष्कळांनी वाचले असेल. ते स्पंदन झाडास स्पर्श, उष्णता वगैरे लागल्याने उठणाऱ्या संवेदनेचे होते. आम्ही येथे सांगत आहो ती वीज निराळी असून ती उजेडाने पाणी फुटून निघते.

तणनाशकाने दिलेला पुरावा

पानात खरोखर असा प्रवाह वाहतो, याचा पुरावा शोधण्यास प्रयोगशाळेत जावयास नको. उसात व मक्यात वापरले जाणारे अ‍ॅट्राझीन हे तणनाशक घ्या. ते तणाच्या पानातील या साखळीच्या पहिल्याच टप्प्यावर जाऊन बसते व विद्युत्कणांची वाट अडविते. अडलेली शक्ती पानातच दाहक रूप घेते आणि तण करपते. ऊस व मका यांच्या अंगी हे द्रव्य पचवून निरुपद्रवी करण्याची शक्ती असल्याने ती पिके बचावतात. डाययुरॉन हे तणनाशकही याच जागी वाट अडविते.

पॅराक्वॉटची रीत याहून वेगळी. ते वाट अडवीत नाही. साखळीच्या शेवटच्या टप्प्यावर उभे राहून ते विद्युत्कण हिसकावून घेते आणि प्राणवायूच्या स्वाधीन करते. त्यातून जे विषारी द्रव्य निपजते ते पान जाळून टाकते. म्हणूनच पॅराक्वॉट कडक उन्हात झपाट्याने आणि सावलीत सावकाश काम करते. हे औषध माणसाच्या पोटात गेल्यास त्यावर खात्रीचा उतारा नाही, हेही जाता जाता बजावून ठेवतो.

पॅराक्वॉट जे लुटारूपणाने करते, तेच शिस्तीने करून तो विद्युत्कण तारेत घालणे, हा शास्त्रज्ञांचा उद्योग आहे. आणि मिळालेली वीज खरोखर हिरव्या यंत्रणेतूनच आली काय, हे ताडण्यासाठी ते प्रयोगात डाययुरॉनच टाकून पाहतात. प्रवाह घटला तर तो पाण्यापासून निघालेला होता असे समजते.

तीन वाटा

आजवर तीन वाटांनी हे प्रयत्न झाले आहेत. पहिली वाट यंत्रणाच पानातून काढून घेण्याची. २००४ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी पालकाच्या पानांतील प्रकाशयंत्रणा वेगळी काढून दोन पातळ वाहक थरांमध्ये बसविली व तीतून प्रवाह मिळविला. ही यंत्रणा पाण्यावाचून कोरड्या स्थितीत टिकविण्यासाठी त्यांनी साबणाच्या जातीचे एक द्रव्य वापरले. तथापि ती टिकली सुमारे तीन आठवडे.

इतक्या लवकर ती का बिघडावी? याचे उत्तर जिवंत पानातच सापडते. कडक उन्हात हिरव्या यंत्रणेचा एक भाग सतत जळत असतो. जिवंत पान तो भाग काढून टाकते व नवा बनवून बसविते. ही दुरुस्ती दिवसभर चाललेली असते. गिरणीचा मालक व मिस्त्री दोघेही निघून गेल्यावर गिरणी जितके दिवस चालेल, तितकेच दिवस काढून घेतलेली यंत्रणा चालते. पान टिकाऊ आहे असे आपणांस वाटते खरे, परंतु टिकाऊ आहे ती त्याची दुरुस्ती.

म्हणून दुसरी वाट निघाली, ती जिवंत शेवाळ वापरण्याची. भातखाचरात नत्रासाठी जे निळे-हिरवे शेवाळ सोडतात, त्याच कुळातील सूक्ष्म जीव उजेडात वाढवून त्यांच्या अंगाबाहेर येणारे थोडे विद्युत्कण धातूच्या पट्टीवर गोळा करावयाचे. इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली अशा एका अगदी चिमुकल्या साधनातून दर चौरस मीटरला अर्धा वॅट या प्रमाणात वीज मिळाल्याचे प्रसिद्ध केले. त्याच विद्यापीठातून २०२२ साली आणखी एक प्रयोग जाहीर झाला. भिंतीवरील घड्याळात घालतो तेवढ्या सेलच्या आकाराच्या डबीत शेवाळ व अ‍ॅल्युमिनियम ठेवून त्यावर संगणकाचा एक लहानसा भाग सहा महिन्यांहून अधिक काळ चालविण्यात आला. दिवसा साठविलेल्या अन्नावर शेवाळ रात्रीही काम देत होते, ही त्यातील विशेष गोष्ट. मात्र त्या संगणकभागास लागणारी वीज होती ०.३ मायक्रोवॅट. एक मायक्रोवॅट म्हणजे एका वॅटचा दहा लक्षावा भाग. शिवाय अ‍ॅल्युमिनियमच्या झिजण्याचा त्या विजेत वाटा किती असावा, हा प्रश्न संशोधकांनी स्वतःच विचारात घेतला आहे.

तिसरी वाट मुळांची. झाड आपण बनविलेल्या अन्नाचा काही अंश मुळांवाटे मातीत सोडते. त्यावर जगणारे काही जिवाणू विद्युत्कण बाहेर टाकतात व ते मातीत पुरलेल्या कोळशाच्या पट्टीवर गोळा करता येतात. नेदरलँड देशातील वाखेनिंगेन येथील शेतकी विद्यापीठात या कामास चालना मिळाली व त्यातून एक कंपनीही निघाली. पण या रीतीस पट्टीभोवतीची माती सतत पाण्याखाली व हवेवाचून राहावी लागते. पाणथळ जागा व भातखाचरे यांस ही रीत मानवेल. आपल्या काळ्या भारी जमिनीत पाणी साचले तर तूर उधळते व सोयाबीन पिवळे पडते. जी रीत चालविण्यास आधी पीक बुडवावे लागते, ती लातूरच्या जिरायतीस उपयोगाची नाही, हे उघड आहे.

गुंठ्यांचा हिशेब

महसुली दफ्तरात आयुष्य गेलेल्या माणसास कोणतीही गोष्ट जमिनीच्या मापात मांडल्यावाचून समाधान होत नाही. तेव्हा ५ अश्वशक्तीचा पंप धरून हिशेब मांडू. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. यावरून पंपास ३,७३० वॅट लागतात. केंब्रिजच्या २०१८ च्या प्रयोगातील दर चौरस मीटरला अर्धा वॅट हे प्रमाण जसेच्या तसे शेतावर उतरले असे मानले, तरी ७,४६० चौरस मीटर जागा लागेल. एक गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरांचा. म्हणजे जवळजवळ ७४ गुंठे, अर्थात १ एकर ३४ गुंठे जमीन शेवाळाच्या पात्रांनी झाकावी लागेल. पात्रे म्हटली की त्यांत पाणी आले, आणि उन्हाळ्यात उडून जाणाऱ्या पाण्याची भरही आली. एका विहिरीवरील पंप चालविण्यासाठी दुसरी विहीर खणावी, असा हा प्रकार होईल. शिवाय सदरहू प्रमाण चिमुकल्या साधनाचे आहे. मोठ्या पात्रात ते टिकेल असे गृहीत धरण्यास आधार नाही.

आता नेहमीच्या सौर पॅनेलचा हिशेब पाहा, ज्यास गावात आपण सोलरच्या प्लेटा म्हणतो. ५ अश्वशक्तीच्या सौर पंपास साधारणतः ४,८०० वॅट क्षमतेची पॅनेल देतात. चांगल्या पॅनेलपासून भर उन्हात दर चौरस मीटरला सुमारे २०० वॅट मिळतात. म्हणजे पॅनेलचे क्षेत्र २४ चौरस मीटर, पाव गुंठ्याहूनही थोडे कमी. एकीकडे ७४ गुंठे व दुसरीकडे पाव गुंठा, असे हे प्रमाण पडते.

आणि २०२२ च्या प्रयोगातील संगणकभागाशी ताडून पाहिले, तर एका पंपाच्या विजेवर तसले बाराशे कोटींहून अधिक भाग चालतील. त्या प्रयोगाची थोरवी या आकड्याने कमी होत नाही. ते काम निराळे व पंपाचे काम निराळे, एवढेच त्यावरून ठरते.

पानाची वीज आपल्या भागात पूर्वीपासूनच आहे

एका दृष्टीने पाहता पानाने गोळा केलेली सूर्यशक्ती विजेच्या रूपाने आपण केव्हापासूनच वापरीत आहो. साखर कारखान्यांतील सहवीजनिर्मिती ही त्याचेच उदाहरण होय. एक टन ऊस गाळला की सुमारे २८० ते ३०० किलो ओला बगॅस उरतो. तो जाळून वाफ, वाफेवर वीज, असा हा क्रम आहे. दगडी कोळसा हाही कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींनी साठविलेला सूर्यप्रकाशच. परळीचे औष्णिक विद्युत केंद्र त्याच कोळशावर चालते.

परंतु या दोन्ही वाटांवर पाण्याचा नाका आहे. परळीचे केंद्र २०१३ साली पाण्याअभावी बंद ठेवावे लागले व २०१५ सालीही तोच प्रसंग आला. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, ते कोणी विसरलेले नाही. आपल्या जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान सुमारे ८०० मिलिमीटर आणि उसाची गरज सुमारे २,००० मिलिमीटर. ज्या भागात वीज करण्याच्या प्रत्येक रीतीस आधी 'पाणी किती' हे विचारावे लागते, त्या भागात धूळ पुसण्यापुरत्या पाण्यावर चालणारे पॅनेल आज सर्वांत काटकसरीचे ठरते.

मात्र यावरून पान हे पॅनेलपेक्षा कमी प्रतीचे, असा अर्थ कोणी काढू नये. पॅनेल वीज करते पण ती साठवीत नाही, आणि बिघडले तर स्वतःस दुरुस्त करीत नाही. पान स्वतः उगवते, स्वतः दुरुस्त होते, आणि सूर्यशक्ती दाण्यात, कडब्यात व भुसात वर्षभर टिकेल अशी बांधून ठेवते. पानाचे खरे काम दाणा भरणे हेच होय, आणि पॅनेलने मोटारीचे काम करावे. ज्याचे काम त्याने करावे हे उत्तम.

या विद्येचा उपयोग कोठे

मग हे संशोधन व्यर्थ काय? मुळीच नाही. जेथे अगदी अल्प वीज पुष्कळ दिवस हवी असते आणि सेल बदलण्यास कोणी जाऊ शकत नाही, तेथे या साधनांस पुढे जागा मिळण्याचा संभव आहे. जमिनीतील ओल मोजणारे अगर हवेचा दमटपणा नोंदविणारे छोटे यंत्र हे त्याचे उदाहरण. तुरीस वा हरभऱ्यास पाणी केव्हा द्यावे हे असे यंत्र सांगू लागले, तर एखादी पाणीपाळी वाचेल. दुसरा लाभ याहून मोठा आहे. हिरव्या यंत्रणेत शक्ती कोठे वाया जाते हे शोधता शोधता पिकाची उत्पादनशक्ती वाढविण्याच्या वाटाही उघडतात. या विद्येतील नव्या वार्ता वाचाव्यात, मुलांस वाचावयास द्याव्यात, पण त्यांवर विहिरीचा बेत आखू नये.

फसवणुकीपासून सावध

झाडाच्या कुंडीत दोन सळया खोवून दिवा लावून दाखविण्याचा खेळ काही ठिकाणी केला जातो. सळया दोन वेगळ्या धातूंच्या, म्हणजे एक तांब्याची व दुसरी जस्ताची अगर मॅग्नेशियमची असली, तर ओल्या मातीत त्यांच्यातून वीज निघणारच. ती वीज झिजणाऱ्या धातूची असते. झाडाचा तिच्याशी संबंध नसतो. परीक्षा सोपी आहे. त्याच सळया झाड नसलेल्या ओल्या मातीत चिमूटभर मीठ टाकून खोवाव्यात. दिवा तसाच लागला, तर झाड केवळ शोभेला ठेवले होते असे समजावे.

कोणी अशा साधनासाठी पैसे मागू लागल्यास तीन प्रश्न लेखी विचारावेत. दर चौरस मीटरला किती वॅट वीज मिळते? ती सलग किती महिने मिळाल्याची नोंद आहे? आणि बिघाड झाल्यास दुरुस्ती कोणी व किती वर्षे करावयाची? ज्यास या तिहींची उत्तरे सही करून देता येत नाहीत, त्याच्या कागदावर आपण सही करू नये.

सौर पंपाच्या बाबतीतही सावधगिरी हवी. केंद्र सरकारची कुसुम योजना २०१९ साली सुरू झाली आणि राज्यात २०२४ साली 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना जाहीर झाली. तिच्या जाहीर नियमांप्रमाणे सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीचा शेकडा १० व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने शेकडा ५ हिस्सा भरावयाचा असून, अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ व त्यावरील धारणेस साडेसात अश्वशक्तीचा पंप ठरविला आहे. पाच वर्षांच्या दुरुस्तीची हमीही तीत आहे. या योजनांच्या नावाने खोटी संकेतस्थळे उघडून पैसे उकळण्याचे प्रकार झाले असून सरकारनेच त्याबद्दल इशारे दिले आहेत. म्हणून फोनवर आलेल्या दुव्यावर पैसे भरू नयेत. महावितरणच्या कचेरीत जाऊन चालू नियम समक्ष विचारावेत, सातबाऱ्यावर विहिरीची अगर बोअरची नोंद आहे की नाही हे आधी पाहावे, नसल्यास तलाठ्याकडे अर्ज देऊन ती करून घ्यावी, आणि भरलेल्या रकमेची पावती जपून ठेवावी.

एकंदरीत आमचे मत असे की, ज्याच्याजवळ पाणी आहे व ज्याचा अर्ज मंजूर होण्याजोगा आहे, त्याने पानाच्या विजेसाठी एक दिवसही थांबू नये. ज्याच्याजवळ पाणीच नाही, त्याने पॅनेलच्याही आधी बांधबंदिस्ती व विहीर पुनर्भरण यांकडे लक्ष द्यावे, कारण कोणतीही वीज कोरड्या विहिरीतून पाणी काढू शकत नाही. पानातून तारेत वीज घेण्याची विद्या पुढे वाढली आणि तिचे प्रमाण गुंठ्यांच्या हिशेबात आपल्या पंपाच्या जवळ येऊ लागले, तर तो हिशेब याच मासिकात पुन्हा मांडता येईल. तोपर्यंत पानांनी दाणा भरावा व पॅनेलांनी पाणी उपसावे, हेच इष्ट होय.